परतीचा मुहूर्त

भावोजी रविवारी सकाळी न कळवता दारात उभे राहिले, तेव्हाच शाल्मलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दिंडोरी रस्त्याला त्यांची द्राक्षकलमांची रोपवाटिका होती आणि कलमांच्या दिवसांत ते नाशकात सहसा फिरकत नसत.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"नको. आधी हे बघ." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "माझं यान परत येत नाहीये गं."

शाल्मलीला हसू आलं. "कुठं अडतंय?"

"मंगळावरून निघतं नीट. पण पृथ्वीपर्यंत पोचतच नाही, बाहेरच्या बाहेर वळसा घेऊन निघून जातं. मागच्या आठवड्यापर्यंत येत होतं. म्हणजे माझ्यासारख्याचं दहातून एकदा, पण यायचं. आता एकदाही नाही. माझं काय चुकतंय ते सांग."

'परिभ्रमण' हा खेळ शाल्मली घारपुरे आणि तिच्या तीन मित्रांनी गंगापूर रस्त्यावरच्या दोन खोल्यांत तयार केला होता. त्यात शत्रू नव्हते, बंदुका नव्हत्या. सूर्य, ग्रह, तुमचं यान आणि टाकीतलं इंधन, एवढंच. एका ग्रहावरून निघायचं आणि दुसऱ्यावर पोचायचं. सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली. पण पुढं मंगळ सहकार्य संघाचं यान सहा माणसं घेऊन निघालं आणि संघानं खऱ्या यानाचे आकडे या खेळाला पुरवायला सुरुवात केली. वजन, टाकीची पातळी, यंत्रांची स्थिती, सगळं दर आठवड्याला. मग शाळकरी पोरांपासून निवृत्त कारकुनांपर्यंत जो तो ते यान चालवू लागला. बातम्यांपेक्षा लोकांचा खेळावर जास्त विश्वास बसला, कारण खेळातलं गणित चुकत नसे. ते गणित शाल्मलीचं होतं.

त्या सहा जणांत वैजयंती होती. यानाची चालक, शाल्मलीची सख्खी मोठी बहीण, भावोजींची बायको.

यशोधन भावोजींनी तोवर जन्मात कुठला खेळ खेळला नव्हता. यान उडालं त्या दिवशी त्यांनी तो फोनवर घेतला. "ती तिकडं काय करतेय ते मला कळायला नको?" असं म्हणाले आणि नवशिक्याच्या चिकाटीनं मागे लागले. शाल्मलीनंच त्यांना शिकवलं होतं.

पृथ्वी आणि मंगळ दोघंही सूर्याभोवती फिरतात. पृथ्वीची वाट आतली, लहान. शिवाय ती पळतेही जोरात. मंगळ बाहेरच्या लांब वाटेनं सावकाश जातो. म्हणून मंगळावरून निघताना पृथ्वी जिथं दिसते तिकडं यान रोखून चालत नाही. साडेआठ महिन्यांनी ती जिथं असेल तिथं रोखायचं. पृथ्वी बरीच मागे असताना निघायचं, म्हणजे मधल्या काळात ती मागून येते, मंगळाला गाठून पुढं जाते आणि ठरल्या जागी यानाची नि तिची भेट होते. अशी जुळणी सव्वीस महिन्यांतून एकदा येते आणि काही आठवडेच टिकते. खेळाडू तिला मुहूर्त म्हणत. मुहूर्त टाळून निघायला बंदी कुणाची नाही. फक्त मग इतकं इंधन लागतं, की तेवढी टाकी कुणी बांधलेली नाही.

भावोजींना सगळ्यात गंमत वाटली होती ती वेगाची. यान मंगळावर असलं तरी मंगळाबरोबर सूर्याभोवती धावतच असतं. त्या धावेला लगाम घातला, की ते आपोआप सूर्याच्या बाजूला, आत झुकतं. लगाम पुरता बसला तर पृथ्वीच्या वाटेपर्यंत येतं. थोडा कमी पडला तर अलीकडूनच वळतं आणि पुन्हा लांब निघून जातं.

"म्हणजे घरी यायचं तर वेग कमी करायचा," भावोजी तेव्हा म्हणाले होते. "हे बरंय."

शाल्मलीनं त्यांचा फोन हातात घेतला. निघण्याची वेळ पाहिली, दिशा पाहिली. दोन्ही बरोबर होतं. भावोजी चांगले तयार झाले होते. तिनं स्वतः एकदा उड्डाण केलं. यान पृथ्वीच्या वाटेच्या बाहेरून वळलं. तिनं निघण्याची वेळ थोडी पुढं घेतली, मग मागं घेतली. दर वेळी तेच.

"माझ्याच्यानं पण नाही होत," ती म्हणणार होती. पण भावोजी तिच्या तोंडाकडे इतके टक लावून बघत होते, की तिच्या तोंडून भलतंच निघालं. "वळताना तुम्ही उशीर करताय. करू आपण सावकाश."

ते गेल्यावर ती थेट कार्यालयात गेली. रविवार असल्यानं तिथं कुणी नव्हतं. संघाकडून आलेले ताजे आकडे तिनं काढले आणि तिला कारण दिसायला दोन मिनिटंही लागली नाहीत. परतीचं इंधन मंगळावरच बनायचं होतं. तिथल्या हवेतून आणि जमिनीखालच्या बर्फातून ते बनवणारं संयंत्र सौर पट्ट्यांवर चालायचं. मधे महिनाभर धुळीचं वादळ झालं होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. 'तूट भरून काढली' असं संघानं जाहीरही केलं होतं. पण टाकीचा आकडा आत्तापर्यंत अंदाजानं येत होता, तो या आठवड्यात पहिल्यांदा मोजून आला होता. तूट भरलेली नव्हती. आणि ज्या गतीनं टाकी भरत होती, ती बघता मुहूर्त आधी संपणार होता.

तिनं संघाला विचारणा पाठवली. उत्तर आलं नाही. मंगळवारी दुपारी माणूसच आला.

हुद्दार नावाचे ते गृहस्थ संघाच्या जनसंपर्काचं काम बघत. बोलणं मऊ, कपडे साधे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि बसल्यावर पाणी मागितलं.

"तो आकडा बाहेर जायला नको होता, मॅडम. आमच्याकडून चुकून गेला."

"पण खरा आहे ना?"

"खरा आहे."

"ताईला माहीत आहे?"

"सहाही जणांना माहीत आहे. त्यांना तिथंच थांबायला सांगितलंय, पुढच्या मुहूर्तापर्यंत. अन्नाचं यान आपण इकडून पाठवणार आहोत."

"तोवर आहे ते पुरेल?"

"काटकसर केली तर," हुद्दार म्हणाले आणि पेला पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. अन्नाचं यान उभं करायला सहा देशांची मंजुरी हवी होती. बैठक पुढच्या महिन्यात होती. त्याआधी माणसं अडकली असा गवगवा झाला तर एकेक देश अंग काढून घेईल. फसलेल्या मोहिमेत कुणी पाय घालत नाही. बातमी तर संघानं दाबून ठेवली होती, पण इकडे लाखो खेळाडू रोज यान परत आणायला बघत होते आणि ते येत नव्हतं. लोक कुजबुजायला लागले होते.

"तेवढ्याच इंधनात इंजिनाला मिळणारा रेटा खेळात थोडा वाढवा. तीन टक्के पुरे. यान परत येईल, लोक गप्प बसतील. मंजुरी मिळाली की आम्ही स्वतःच सगळं सांगू."

"खेळात खोटा आकडा घालायचा?"

"खेळच आहे ना, मॅडम."

"लोक त्याला खेळ समजत नाहीत."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो," हुद्दार म्हणाले. "तुम्ही नाही म्हणू शकता. मग आम्हाला आकडे देणं थांबवावं लागेल आणि लोक समजायचं ते समजतीलच. अन्नाचं यान गेलं नाही तर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको."

"निदान भावोजींना तरी सांगू द्या."

"आज त्यांना सांगाल. उद्या ते त्यांच्या भावाला सांगतील."

ते गेल्यावर शाल्मलीनं संगणक उघडला. ताईला विचारावं असं तिच्या मनात आलं. पण घरच्यांचे निरोप संघाच्या हाताखालून जात. नको ते वाक्य वाटेतच गळून पडे. मंगळावर ताईकडेही या खेळाची एक प्रत होती, सरावासाठी आणि करमणुकीसाठी दिलेली. तिथंही हा बदल आपोआप जाईल हे शाल्मलीच्या लक्षात आलं. तिनं तो विचार झटकला. त्यांच्याकडे खरे आकडे आहेत, त्यांना खेळातल्या आकड्याचं काय.

एका ओळीतला एक आकडा बदलायचा होता. तिनं तो बदलला. पण बदलाचं कारण द्यावं लागे, नाहीतर जाणते खेळाडू दुसऱ्याच दिवशी ओरडले असते. मागच्या महिन्यात मंगळावर इंजिन थोडा वेळ चालवून बघितल्याची बातमी आली होती. ती आठवली आणि तिनं लिहिलं: 'प्रत्यक्ष चाचणीनुसार इंजिनाच्या रेट्याचा आकडा सुधारला आहे.' खाली तिचं नाव होतं. ते नेहमीच असे.

शनिवारी भावोजी जिलबी घेऊन आले.

"काल तीनदा आणलं. लागोपाठ!" ते दारातूनच म्हणाले. "तूच काहीतरी दुरुस्त केलंस ना?"

"हो. एक आकडा चुकला होता."

"बघ, मला वाटलंच. माझं चुकत नव्हतं." त्यांनी पुडा सोडून तिच्यापुढे धरला. "घे. मी गच्चीवरची खोली रंगवायला काढलीय. वैजूला तिथला पिवळा कधी आवडला नाही. ती असताना जमलं नाही, आता तरी करून टाकतो."

शाल्मलीनं जिलबी खाल्ली. दुसरीही घेतली, कारण ते आग्रह करत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात मंगळावरून उड्डाणं यायला लागली. खेळाडूंनी केलेली उड्डाणं साठवण्यासाठी एक वाट होती. ताईच्या प्रतीतली उड्डाणंही त्याच वाटेनं थेट नाशिकला येत. संघानं ती वाट कधी तपासली नव्हती. खेळातली उड्डाणं कोण तपासणार? आधी ताईचं महिन्यातून एखादं यायचं. आता रोज दोन-तीन येत होती. सगळी परतीची. कधी एक दिवस लवकर निघून, कधी दोन दिवस उशिरा, कधी माणसांचं वजन धरून, कधी नमुन्यांच्या पेट्या काढून टाकून. प्रत्येक वेळी यान पृथ्वीवर पोचत होतं.

शाल्मली ती उड्डाणं बघायची आणि तिचा जीव गलबलायचा. घरी येता येत नाही म्हणून बिचारी खेळात येतेय, असं तिला वाटायचं. निदान तेवढं सुख तिला आपल्यामुळे मिळालं, असंही तिच्या मनात एकदा येऊन गेलं. मात्र एवढी नेटकी, एवढी बारकाईनं बदललेली उड्डाणं करमणुकीसाठी कुणी करत नाही, हे तिला कळायला हवं होतं. कदाचित कळतही होतं. मुहूर्त सरत आला होता. तो एकदाचा संपला की ही उड्डाणंही थांबतील, असं ती स्वतःला सांगत राहिली.

सहा देशांची बैठक पुढं ढकलली गेली. हुद्दार फोन उचलेनासे झाले.

मुहूर्ताच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, ताईचं एक उड्डाण आलं. त्याला प्रथमच मजकूर जोडलेला होता.

'शमू, उघड बोलता येत नाही म्हणून तू खेळातून निरोप दिलास, हे मी ती ओळ वाचली तेव्हाच ओळखलं. चाचणीचे आकडे आम्ही पृथ्वीवर पाठवले होते. इंजिन अंदाजापेक्षा जोरकस निघालं हे संघानं आम्हाला सांगितलंच नाही. नुसतं थांबा म्हणतात. अन्नाचं यान अजून कागदावरच आहे आणि आमच्याकडे काय उरलंय ते आम्हाला दिसतंय. इथं थांबून काढलेला एकेक दिवस जड झालाय. तुझ्या आकड्यावर आम्ही सगळ्या बाजूंनी करून बघितलं, यान पोचतं. सहाही जणांचं ठरलंय. संघाला कळवलं तर अडवतील, म्हणून कळवलेलं नाही. हे तू वाचशील तेव्हा इंजिन पुरतं चालून बंदही झालेलं असेल. यशोला सांग, निघाले. तू होतीस म्हणून. ताई.'

ती ते दुसऱ्यांदा वाचत असतानाच हुद्दारांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"यान निघालंय. परवानगी नसताना. तुम्हाला काही माहीत आहे?"

"मी केलं," शाल्मली म्हणाली. "तुम्ही आणि मी." आणि तिनं फोन ठेवला.

तिनं खेळात खरा आकडा घातला आणि ताईनं निवडलेल्या क्षणी, ताईनं निवडलेल्या दिशेनं यान सोडलं. सूर्याभोवतीची ती रेघ आत झुकत झुकत गेली, पृथ्वीच्या वाटेजवळ आली, आणि अलीकडूनच वळली. फार नाही, थोडंसंच अंतर राहिलं होतं. पडद्यावर ते बोटाच्या पेराएवढंही नव्हतं. त्या पेराएवढ्या फटीत कित्येक लाख किलोमीटर होते.

तिनं ताईला लिहायला घेतलं आणि हात थांबला. आत्ता त्या यानात सहा माणसं एकमेकांना मिठ्या मारत असतील. काहीच लिहिलं नाही तर आणखी काही आठवडे, कदाचित महिना, ती आनंदात राहतील. मग त्यांचीच यंत्रं त्यांना सांगतील. पण तोवर ती पोटभर जेवतील, उबेत राहतील, टाकीच्या तळाशी उरलेलं इंधन बारीकसारीक दुरुस्त्यांत घालवतील. आज कळलं तर वाचवायला काही तरी उरेल. वाटेत गाठून इंधन देणारं यान इकडून सोडायचं म्हटलं, तर तेही आजच कळायला हवं.

तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी खेळाच्याच वाटेनं जे गेलं ते असं होतं: 'ताई, तो निरोप नव्हता. इंजिन जास्त जोरकस नाही. इंधन कमी आहे हे लोकांना कळू नये म्हणून संघाच्या सांगण्यावरून मी तो आकडा खोटा घातला आणि कारणही खोटं लिहिलं. यान पृथ्वीपर्यंत पोचणार नाही. एक थेंबही वापरू नका.'

निरोप पोचायला तेरा मिनिटं लागणार होती आणि उत्तर यायला तेवढीच. मधल्या वेळात तिनं भावोजींना बोलावून घेतलं. ते जवळच, बाजारात रंगाचे डबे बघत होते. आले ते हसतच. "निघाली म्हणे! आत्ता बातमीत दाखवलं. लोक फटाके वाजवताहेत बाहेर. तू आधी बोलली नाहीस ते?"

शाल्मलीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

भावोजी ऐकत होते. मधे त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, बाहेर खरोखरच कुणीतरी माळ लावली होती. ती तडतडून संपेपर्यंत ते थांबले.

"माझ्यासमोर बसून तू जिलबी खाल्लीस," ते म्हणाले.

"हो."

"मी खोली रंगवायला काढली म्हणालो तेव्हाही बोलली नाहीस."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते उठलेही नाहीत. पडद्याकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

उत्तर वेळेवर आलं नाही. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पलीकडे सहा माणसं काय बोलत असतील, हे त्या दोघांपैकी कुणालाही मनात आणवेना. तासाभरानं पडद्यावर ओळ उमटली.

'किती कमी पडतंय ते सांग. या वेळी खरं सांग.'

शाल्मलीनं आकडा पाठवला. भावोजींनी तो तिच्या खांद्यावरून वाचला आणि पाठवण्याआधी दोनदा तपासायला लावला.

त्याच संध्याकाळी तिनं खरे आकडे आणि स्वतःच्या नावानिशी झाला प्रकार सगळ्या खेळाडूंपुढे मांडला. संघाला ते नाकारता आलं नाही. जी मंजुरी महिनाभर अडली होती ती दोन दिवसांत मिळाली, कारण आता नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. अन्नासाठी घेतलेला सांगाडा इंधन वाहण्यासाठी बदलायला घेतला. तो वेळेत उडेल का, उडाला तर यानाला वाटेत गाठेल का, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. लाखो खेळाडू रोज ती गाठ घालून बघतात. काहींची पडते, पुष्कळांची चुकते.

हुद्दार नोकरी सोडून गेले. भावोजींनी खेळ फोनवरून काढून टाकला. कलमांचे दिवस संपले तरी ते नाशकात येत नाहीत. शाल्मलीचा फोन उचलतात, यानाची खबर विचारतात आणि ठेवतात. यानात सहाही जण आता एकाच कप्प्यात राहतात, बाकीचे कप्पे गार पडू दिलेत.

ताईचं आणि तिचं बोलणं रोज होतं. संघानं आता ती वाट मोकळीच ठेवली आहे. शाल्मली सकाळी कार्यालयात येते, रात्रभरात जमा झालेल्या उड्डाणांतून सगळ्यात चांगली गाठ निवडते आणि इंधनाच्या यानाचा निघण्याचा क्षण, दिशा, वेग, सगळं ताईला पाठवते. ताईचं उत्तर येतं. पूर्वी ते 'शमू' असं सुरू व्हायचं. आता त्यात फक्त आकडे असतात, आणि ते यायला चार-पाच तास लागतात. उजेडाला जायला-यायला इतका वेळ लागत नाही. शाल्मलीनं पाठवलेला प्रत्येक आकडा ताई आधी कागदावर स्वतः मांडून बघते, आणि मगच घेते.